मुंगीला चहा द्यायचा की नाही

चष्मेताईंना गोंधळलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. निदान दुकानात तरी नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला लागूनच चष्म्यांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या आतल्या अंगाला, खिडकीखाली, ताईंचं टेबल. काचांच्या कडा घासायचं चाक, बोटभर लांबीचे पेचकस, हातातून सुटले तर जन्मात सापडणार नाहीत असे स्क्रू. गिऱ्हाईक समोर बसलं की ताई तपासणीची ती जड, गोल फ्रेम त्याच्या नाकावर चढवायच्या, एक काच सरकवायच्या, मग ती काढून दुसरी, आणि विचारायच्या, "आधीची बरी, की ही?"

भलीभली माणसं या प्रश्नाला घाबरतात. चुकलं तर कुणी छडी मारणार असल्यासारखी अंग चोरून बसतात. "दोन्ही सारख्याच वाटतात हो," असं कुणी काकुळतीला येऊन म्हणालं, की ताई म्हणायच्या, "मग आधीचीच," आणि मोकळ्या व्हायच्या. लोकांना तेवढ्यानंही हायसं वाटायचं. आपल्यासाठी कुणीतरी ठरवलं, याचं सुख काही वेगळंच असतं.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या. बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी, तशा सुरात. दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बूट दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर हातोडीची टकटक यायची आणि चामड्याचा नि गोंदाचा वास. एक पलंग, एक कपाट, खिडकीशी एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून सकाळचा चहा प्यायचा, अवाक्षर न बोलता, ही त्यांची दिवसातली एकुलती एक चैन. त्या वेळी शेजारच्या बाईंनी दार वाजवलं तरी त्या उघडत नसत.

अशा बाईच्या घरी आठ वर्षांची मुलगी राहायला आली.

मुलगी धाकट्या भावाची. साखरेच्या डब्याशी हमखास सापडायची, म्हणून बापानं तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. भाऊ वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला. भावजय कपड्यांच्या कारखान्यात, शिवून आलेल्या कपड्यांचे टाके तपासायच्या कामावर. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि शेवटी शेवटी रक्तदाब असा चढला की हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला घरीच जाऊ दिलं नाही. "बाळंत होईपर्यंत इथंच झोपून राहायचं, आणि मनाला कसलाही त्रास करून घ्यायचा नाही," असं तिला बजावलं. बजावलं तिला, पण ऐकलं सगळ्यांनी. रात्री मुलीला एकटीला घरात कसं ठेवणार? भाऊ तिला कपड्यांच्या पिशवीसकट ताईंकडे सोडून गेला. जाताना म्हणाला, "ताई, त्रास देणार नाही ती. एकदम शहाणी आहे."

पहिल्याच सकाळी ताईंनी दूध तापवून, साखर घालून तिच्यापुढं ठेवलं. मुंगी दुधाकडे बघत राहिली. दुधावर साय धरली, तिची सुरकुती झाली, तरी ही आपली बघतेच आहे.

"पी की. गार होतंय."

"आत्या, मला सकाळी चहा लागतो."

"चहा? तुला?"

"हो. आणि शाळेतून आल्यावर कॉफी."

"कॉफीसुद्धा!" ताईंनी हातातली बशी खाली ठेवली. "कोण देतं गं तुला चहा नि कॉफी?"

मुंगीनं जरा विचार केला. मग म्हणाली, "घरी देतात."

आता घरी देतात म्हटल्यावर ताई काय बोलणार? मूल दुसऱ्याचं, सवय त्याच्या घरची. आपण कोण मोडणार? त्यांनी आपल्या कपातला थोडा चहा लहान कपात ओतला, त्यात भरपूर दूध घातलं. मुंगीनं तो दोन्ही हातांनी धरला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखा "हं" असा सुस्कारा सोडला. त्यानंतर जी बोलायला लागली ती थांबेचना. बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला ते, वर्गातल्या एका मुलाला शिंकताना डोळे उघडे ठेवता येतात ते, बाळ आलं की ते कुठं झोपणार ते. ताईंची न बोलता चहा प्यायची खुर्ची त्या दिवसापासून गेली. गंमत म्हणजे, त्यांच्या ते दुकानात पोचेपर्यंत लक्षातही आलं नाही.

पण दुकानात चाकावर काच धरल्यावर मनाला खटकलंच. आपण बरोबर केलं ना? एवढ्याशा जिवाला चहा? त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर तेव्हा दोन रुग्णांच्या मधल्या वेळात टेबलाशी उभे होते.

"डॉक्टर, लहान मुलांना चहा दिला तर चालतो का हो?"

"ताई, माझं क्षेत्र डोळे," डॉक्टर म्हणाले, आणि मग क्षेत्राबाहेर जाऊन मत दिलंच. "अजिबात देऊ नये. झोप उडते, भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही. कॉफी तर नावसुद्धा नको."

"तुम्ही कधीपासून पिता?"

डॉक्टरांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. सकाळपासूनचा तो कितवा होता कोण जाणे. "मी? मी शाळेत असल्यापासून पितोय. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

वेगळी म्हणजे काय, ते सांगायच्या आत पुढचा रुग्ण आला.

संध्याकाळी ताईंनी शेजारच्या कवायतीच्या मास्तरांना विचारलं. मास्तर निवृत्त झाले होते, पण उंची काही निवृत्त झाली नव्हती. ताईंच्या दारातून आत येताना ते दर वेळी वाकायचे आणि दर वेळी थोडं कमी वाकायचे.

"मास्तर, चहानं म्हणे उंची खुंटते."

"कोण म्हणतं?" कपाळ चोळत मास्तर म्हणाले. "चौकटीला डोकं आपटणारा माणूस तुमच्यासमोर उभा आहे. मला पाळण्यात चहा पाजलाय. आणि ही बघा आमची," त्यांनी मागं उभ्या असलेल्या बायकोकडे हात केला. ती त्यांच्या कोपराला लागत होती. "हिच्या माहेरी चहाचं नाव काढायची सोय नव्हती. बघा, काय झालं."

"त्यांचं काही ऐकू नका," बायको म्हणाली. "उंचीचं घेऊन बसलेत! झोपेचं विचारा. या माणसानं आयुष्यात कधी सलग झोप काढलेली नाही. उजाडायच्या आत उठून भिंतीशी कवायत करतात, आणि मलाही 'सावधान' म्हणून उठवतात."

ताई घरात आल्या आणि खुर्चीत बसल्या. एकानं नाही म्हटलं, पण तो स्वतः पितो. दुसऱ्यानं हो म्हटलं, पण त्याची बायको त्याच्याकडे बोट दाखवते. काच बदलावी तसं हे बदलून बदलून पाहायचं तरी किती? आणि समोर मुंगी दप्तर टाकून उभी. "आत्या, कॉफी?"

ताईंनी कॉफी दिली नाही. "कॉफी संपलीये," म्हणाल्या. कॉफी त्यांच्या घरात कधी नव्हतीच, तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. सकाळचा अर्धा कप चहा मात्र चालू राहिला.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाई तरुण होत्या, पण आवाज मुख्याध्यापकांचा. "ही एका जागी बसत नाही. सारखी बोलते. विचारलं तर म्हणते, आत्या चहा देते. अहो, एवढ्या लहान मुलीला चहा?"

ताईंना कान धरून बाकावर उभं केल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ तेव्हा हॉस्पिटलात बायकोच्या उशाशी होता, मागून भांड्यांचा आणि नर्सच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"काय रे, मुंगीला तुम्ही चहा देता का?"

मग भाऊ मोठ्यानं म्हणाला, "चहा? छे छे! चहा कशाला देऊ? कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. घरी देतात म्हणून."

"काहीतरीच!" आणि मग पुन्हा मोठ्यानं, जणू फोनवर नाही, खोलीला ऐकवायला, "आमच्या घरात मुलांना चहा चालत नाही."

ताईंनी फोन ठेवला आणि मुंगीकडे पाहिलं. ती जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"मुंगे, बाबा म्हणतात घरी चहा देत नाहीत."

मुंगीचा खडू थांबला. तिनं वर पाहिलं नाही. तशीच म्हणाली, "मग नाही देत."

म्हणजे मुलगी खोटं बोलते! आता हे आणखी एक. चहाचा प्रश्न पुन्हा बरा होता. आठ वर्षांचं मूल इतक्या सहज खोटं बोलतं, आणि पकडलं गेल्यावर रडत नाही, चिडत नाही, नुसतं 'मग नाही देत' म्हणतं, याला काय म्हणायचं? रागवावं? की कुशीत घ्यावं? त्यांनी यातलं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा बंद केला, इतकंच.

आणि मुंगी मलूल झाली. सकाळी दूध निमूटपणे प्यायची, पण तोंडातून शब्द नाही. कपाळावर हात दाबून बसायची. "काय झालं?" "डोकं दुखतंय." शाळेतून पुन्हा बोलावणं. त्याच बाई, तोच आवाज. "ही बाकावर डोकं टेकून बसते हो. कशात लक्ष नाही. सकाळी काही देत नाही का तुम्ही हिला?"

ताईंना वाटलं, आता आपणच बाकावर डोकं टेकावं.

डोकं दुखतं म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट येत होती. त्यांनी मुंगीला दुकानात नेलं, उंच स्टुलावर बसवलं, तपासणीची फ्रेम चढवली. ती तिच्या नाकावर थांबेना, म्हणून एका हातानं धरून ठेवली.

"समोरची अक्षरं वाच."

मुंगीनं वरपासून खालपर्यंत धडाधड वाचली. शेवटची, छापणाऱ्याच्या नावाची बारीक ओळसुद्धा वाचली.

"आता ही काच घालते. आधीची बरी, की ही?"

"आत्या, तुला कुठली बरी वाटते?"

"मला नाही, तुला विचारतेय मी."

"तू सांगशील ती," मुंगी म्हणाली.

इतक्या वर्षांत असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ताईंनी फ्रेम उतरवली. डोळे लख्ख होते. म्हणजे डोकं डोळ्यांनी दुखत नव्हतं. मग चहा सुटला म्हणून दुखत होतं? पण चहा घरी मिळतच नसेल, तर सवय कशी लागली? आणि सवय नसेल, तर सुटलं काय? की आईची आठवण? की बाळ येणार त्याची धास्ती? ताईंचं डोकंच गरगरायला लागलं. डॉक्टरांनी बाजूनं जाताना विचारलं, "काय ताई, हिला नंबर आला का?" ताई म्हणाल्या, "हिला नाही, मला आलाय."

त्या संध्याकाळी त्यांनी एक उद्योग केला. लोखंडी पळीत साखर घेतली, गॅसवर धरली, ती विरघळून तांबूस आणि मग तपकिरी होईपर्यंत. त्यात पाणी ओतलं तेव्हा असा काही फस्सकन आवाज झाला की खालची हातोडीसुद्धा थांबली. ते पाणी दुधात घातलं. रंग हुबेहूब चहाचा आला. सकाळी त्यांनी लहान कप मुंगीपुढं ठेवला आणि पाठ करून उभ्या राहिल्या, कारण तोंड बघून तिला कळलं असतं.

मागून फुंकर ऐकू आली. मग घोट. मग "हं". आणि मुंगी बोलायला लागली. शिंकणाऱ्या मुलाचं पुढं काय झालं तेही कळलं.

ताईंना जग जिंकल्यासारखं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं, कारण आपण मुलीला फसवतोय. खोटं बोलते म्हणून जिच्यावर मनातून नाराज झालो, तिला आपण खोटा चहा पाजतोय. हे कुठल्या हिशेबात बसतं? डोकेदुखीही दोन-चार दिवसांत गेली, आणि ती जळक्या साखरेनं गेली की आपोआप, हे कळायला मार्ग नव्हता.

रविवारी भाऊ आला. रात्रपाळी करून आलेला, नखांत शाई, डोळे तारवटलेले. ताईंनी त्याच्यासाठी फक्कड चहा केला. मुंगी बापाला बिलगून बसली. भाऊ बायकोच्या प्रकृतीचं, कारखान्याच्या रजेचं काहीबाही सांगत होता, आणि सांगता सांगता त्यानं कप उचलला, बशीत थोडा चहा ओतला, फुंकर मारली आणि बशी मुंगीच्या ओठांशी नेली. मुंगीनं तोंड पुढं केलं. इतक्या सराईतपणे, जसं कुणी खांद्यावरचा टॉवेल काढून हात पुसावा.

मग दोघांनाही ताई दिसल्या.

"काय रे?" ताई म्हणाल्या.

भावाच्या हातातली बशी हवेतच राहिली. "अगं... ती जरा... ताई, हळू बोल."

"इथं कोण ऐकतंय? फोनवर तर 'छे छे' म्हणालास. मी पोरीला खोटारडी समजले!"

"ही शेजारीच होती ना तेव्हा," भाऊ ओशाळून म्हणाला. ही म्हणजे बायको. "तिला अजिबात चालत नाही. मी सकाळी कामावरून येतो तेव्हा ती निघून गेलेली असते. मुंगी नुकती उठलेली. मी चहा करतो, दोघं बसतो. तेवढाच काय तो वेळ मला मिळतो हिच्याबरोबर, मग मी झोपतो ते ही शाळेतून येऊन खेळायला गेली तरी उठत नाही. एक बशी चहा, ताई. त्यानं काय होतंय?"

"काय होतंय ते मलाच कळलं असतं तर!" ताई म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं. "आपल्याला लहानपणी देत होते का रे चहा?"

"तुला देत होते. मोठी म्हणून. मला नाही."

"मला? मला कधीच नाही! तू धाकटा म्हणून तुझे लाड. तुला बशीत मिळायचा."

दोघांनाही आपापलं स्वच्छ आठवत होतं. विचारायला आता वडीलधारं कुणी उरलं नव्हतं.

"तिला यातलं काही सांगू नकोस," भाऊ जाताना म्हणाला. झोपेनं त्याचं बोलणंही घसरत होतं. "रक्तदाब आहे तिला."

दुपारी ताई मुंगीला घेऊन हॉस्पिटलात गेल्या. भावजय उशीला टेकून बसली होती, पाय सुजलेले, चेहरा मात्र हसरा. मुंगी खिडकीतून खालच्या रुग्णवाहिका बघायला गेली. भावजयीनं ताईंचा हात धरला आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुम्ही फोनवर चहाचं विचारत होतात ना? चहा नका हं देऊ. मला चहा बिलकूल पटत नाही मुलांना."

"नाही देत," ताई म्हणाल्या. जळक्या साखरेचं त्या बोलल्या नाहीत.

"पण..." भावजय दाराकडे बघून घेत म्हणाली, "तिनं कॉफी मागितली तर द्या थोडी. दूध जास्त घालून. मी कामावरून येते, ती शाळेतून येते, हे तेव्हा गाढ झोपलेले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बसतो, कुजबुजत. कॉफीनं काही होत नाही हो. चहा वाईट. पण ह्यांना नका सांगू. ह्यांना वाटतं कॉफी म्हणजे विषच."

ताईंनी आ वासला, तो मिटायचं भानच राहिलं नाही. भावजयीनं विचारलं, "काय झालं?" ताई म्हणाल्या, "काही नाही गं. तू शांत राहा. मनाला काही लावून घेऊ नकोस."

म्हणजे मुलगी एका शब्दानंही खोटं बोलली नव्हती. घरी देतात. कोण देतात, हे तिनं सांगितलं नव्हतं, एवढंच.

परतीच्या बसमध्ये मुंगी खिडकीशी बसली होती. ताईंनी हळूच विषय काढला. "मुंगे, बाबा चहा देतात, आई कॉफी देते. खरं ना?"

मुंगीनं पटकन मागं-पुढं पाहिलं, जणू बसमध्ये आई-बाबा लपून बसलेत. मग मान हलवली.

"मग मला नीट का नाही सांगितलंस?"

"बाबांनी शप्पथ घातलीये आईला सांगायचं नाही. आईनं शप्पथ घातलीये बाबांना सांगायचं नाही. तुला सांगू नको असं कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणून मी अर्धं सांगितलं."

ताईंना हसावं की रडावं कळेना. एवढ्याशा डोक्यावर दोन मोठ्या माणसांची गुपितं, आणि वर आपण तिच्यावर खोटेपणाचा शिक्का मारला. "तुला आवडतो तरी का गं चहा?"

"कडू लागतो."

"मग मागतेस कशाला?"

"नसला की डोकं दुखतं."

"आणि कॉफी?"

"ती जास्त कडू." मुंगी खिडकीतून त्यांच्याकडे वळली. "तुझा चहा गोड असतो. तो चहा नाहीये ना, आत्या?"

"नाही गं," ताई म्हणाल्या.

"मी कुणाला नाही सांगणार," मुंगीनं त्यांना धीर दिला.

आता तिच्याकडे तीन गुपितं झाली होती. हे मात्र ताईंच्यानं बघवेना. पण सांगायचं कुणाला? भावाला सांगावं तर भावजयीचं गुपित फुटतं, भावजयीला सांगावं तर रक्तदाब. दुकानात त्यांच्या हातून काचा उलट्या बसायला लागल्या. एका गृहस्थांना तर उजवी काच डाव्या डोळ्याला बसवून दिली, आणि ते बिचारे जिना उतरताना खांबाला नमस्कार करून आले.

बाळ सुखरूप झालं. मुलगा. आई-बाळ घरी आले, रक्तदाब उतरला, आणि ताई मुंगीला पोचवायला गेल्या. भाऊ स्वयंपाकघरात चहा टाकत होता. भावजय पलंगावर, बाळ मांडीत. भाऊ कप घेऊन आला. मुंगी भिंतीला टेकून उभी राहिली, एकदा बापाच्या हाताकडे बघत, एकदा आईच्या तोंडाकडे. तिचा तो चेहरा पाहिला आणि ताईंचा बांध फुटला.

"मला तुम्हा दोघांना एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तू हिला चहा देतोस. तू हिला कॉफी देतेस. आता हिची शप्पथ सोडवा."

मग दोघं एकदमच बोलायला लागले.

"चहा? तुम्ही? रोज?"

"आणि कॉफी? मी पलीकडे झोपलेलो असताना?"

"कॉफी निदान दुधाची असते!"

"चहा काय डांबराचा असतो?"

चांगलीच जुंपली. बाळ दचकून रडायला लागलं, तेव्हा कुठं आवाज खाली आले. भावजय डोळे पुसत बाळाला थोपटायला लागली. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ताईंना वाटलं, बोलून मोठाच घोळ करून ठेवला आपण. तेवढ्यात भावजयीनं मान वर केली. "आणि ताई, तुमच्याकडे काय पीत होती ही इतके दिवस?"

"मी? मी जळकी साखर दिली. दुधात. चहा म्हणून."

"जळकी साखर!" नवरा-बायको एका सुरात किंचाळले. पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

"अहो ताई, जळलेलं कुणी पोटात घालतं का?"

"ताई, तुला काही कळतं की नाही?"

पुढचा अर्धा तास दोघं मिळून ताईंना बोलत होते, आणि बोलता बोलता आपसातलं भांडण विसरून गेले. मुंगी जमिनीवर बसून, निवांतपणे, बाळाच्या पायाची बोटं मोजत होती. ताई मुकाट्यानं ऐकून घेत होत्या. रागवावं की बरं वाटून घ्यावं, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढं त्या घरात ठरलं, की मुलांना चहा नाही आणि कॉफीही नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण मुलीनं बघून शिकू नये म्हणून भावानं स्वतःचा चहा सोडला आणि भावजयीनं कॉफी. ताईंना हे मुंगीकडूनच कळलं. सुट्टी लागली आणि मुंगी, या वेळी आपल्या पायांनी, पिशवी घेऊन आत्याकडे आली. केस वाढले होते, उंचीही थोडी वाढल्यासारखी दिसत होती. सकाळी ताईंनी तिला दूध दिलं. तिनं ते साय बाजूला करून गटागटा पिऊन टाकलं.

"डोकं नाही दुखत आता?"

"माझं नाही. आई-बाबांचं दुखतं." मुंगीनं कप खाली ठेवला. "बाबा सकाळी येतात आणि काही न बोलता झोपतात. आई संध्याकाळी भांडी जोरात ठेवते. बाळ उठतं. मग सगळे चिडतात."

"अरे देवा."

"आत्या, मोठ्या माणसांना थोडा चहा दिला तर चालतो का गं?"

मुंगी थट्टा करत नव्हती. तिनं पिशवीतून दोन रिकामे कागद काढले, पुड्या बांधायला घडी घालून आणलेले. "मी घेऊन जाईन. चोरून नाही देणार. आधी विचारीन."

डॉक्टर काय म्हणाले असते? मास्तर? वर्गाच्या त्या बाई? ताईंना कुणाचंच म्हणणं धडपणे आठवेना. द्यावं तर भावाच्या घरातला नेम आपण मोडल्यासारखं, न द्यावं तर ही पोर तशीच परत जाणार, त्या धुसफुसणाऱ्या घरात. त्यांनी चहाचा डबा काढला. मागं शेल्फावर कॉफीची बरणीही होती. मुंगी गेल्यानंतर कधीतरी घेऊन ठेवलेली, अजून न उघडलेली. दोन्ही कागदांवर थोडं थोडं काढून त्यांनी पुड्या बांधल्या. मग वाटलं, एकच द्यावी. एक उचलून बाजूला ठेवली. मग वाटलं, तीच का? दुसरी का नाही? पुन्हा दोन्ही समोर घेतल्या, फिरवल्या, आणि आता कुठली चहाची आणि कुठली कॉफीची, हेच कळेना.

"दे इकडे," मुंगी म्हणाली. तिनं एक पुडी नाकाशी धरली, डोळे मिटले, मग दुसरी धरली.

"ही बाबांची," ती म्हणाली, आणि दोन्ही पुड्या पिशवीत टाकून खाली बूट ठोकणाऱ्या काकांकडे गप्पा मारायला निघून गेली.